उत्तराची मुदत

कोणत्याही तालुका कचेरीत ज्या शाखेत आवक टपालाची नोंद होते आणि जिला जुने कारकून अद्यापही ‘बारनिशी’ म्हणतात, तिच्या मेजापाशी घटकाभर स्वस्थ उभे राहिले असता एक मौज नजरेस पडते. येणाऱ्या अर्जांपैकी बऱ्याच अर्जांच्या माथ्यावर, कोणी लाल शाईने, कोणी दोनदा अधोरेखित करून, तर कोणी पुढे तीन उद्गारचिन्हे देऊन, ‘तातडीचे’ हा एकच शब्द लिहिलेला असतो. आणि कारकून त्या शब्दाकडे दृष्टीही न वळविता, कागद ज्या क्रमाने हाती येईल त्या क्रमाने त्यावर शिक्का उमटवीत असतो. त्यास निष्ठुर म्हणावे, तर तसेही नव्हे. त्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने काम करावयाचे म्हटले, तर कोणता कागद आधी घ्यावा याविषयी त्यास काहीच बोध होत नाही, एवढाच त्याचा अनुभव असतो.

या मौजेच्या पोटी एक खरा आणि बराच अवघड प्रश्न दडलेला आहे. जो माहिती विचारतो, सल्ला मागतो, मदतीसाठी दार ठोठावतो, त्याला ‘अमुक दिवसाच्या आत उत्तर पाहिजे’ असे सांगण्याचा अधिकार असावा काय? वरवर पाहता यात वादासारखे काही दिसत नाही. गरज ज्याची, तिची वेळही त्यालाच ठाऊक. तेव्हा मुदत त्यानेच घालावी, हे न्याय्य वाटते. परंतु मुदत ही एकाच वेळी माहितीही असते आणि हुकूमही असतो, आणि ज्याला आपण केवळ माहिती देत आहोत असे वाटते त्याच्याकडून नकळत हुकूम सुटतो, हीच या प्रकरणातील सगळी गोम आहे.

शिळे झालेले बरोबर उत्तर

समजा, रावेर तालुक्यातील एका बागाईतदाराने जूनच्या अखेरीस केळीची मृगबाग लावली आहे. श्रावणाची झड लागते, आठवडाभर सूर्यदर्शन होत नाही, आणि अशा दिवसांत त्याला आठ-दहा झाडांच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळे पट्टे दिसू लागतात. तो कृषी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञास दोन प्रश्न विचारतो. एक, या पट्ट्यांवर कोणते खत द्यावे. दुसरा, पुढल्या वर्षी मृगबागेऐवजी कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याअखेरची लागवड, धरावी काय. दोन्ही प्रश्न एकाच दिवशी जातात आणि दोहोंची उत्तरे बाराव्या दिवशी येतात. दोन्ही उत्तरे शास्त्रशुद्ध असतात. दुसऱ्याचा त्याला पुरेपूर उपयोग होतो. पहिल्याचा फारच थोडा.

याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. खानदेशात ज्याला ‘हरण्या’ म्हणतात आणि शास्त्रीय ग्रंथांत ज्याला कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग म्हणतात, तो मावा या इवल्याशा किडीमार्फत पसरतो. रोगट झाडावर मावा क्षणभर सोंड खुपसतो, तेवढ्यातच विषाणू सोंडेला चिकटतो. मग शेजारच्या निरोगी झाडावर तो तितकाच अल्पकाळ बसला तरी काम भागते. लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही. ते मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करणे आणि माव्याचा बंदोबस्त करणे, एवढाच उपाय. काकडी, भोपळा यांसारखी वेलवर्गी पिके बागेत व बांधावर नकोत, हा पुढचा सल्ला. म्हणजे रोगट झाड उभे आहे तो प्रत्येक दिवस हा आगीशेजारी वाळलेल्या गंजीसारखा. बाराव्या दिवशी ‘झाडे उपटा’ हे उत्तर आले, तेव्हा उपटावयाची झाडे आठ-दहा राहिलेली नव्हती.

आता या दृष्टांतातील एक बारकावा वाचकांनी ध्यानात घ्यावा, कारण पुढील सारे विवेचन त्यावरच उभे आहे. या बागाईतदारास मुदत घालण्याचा अधिकार दिला असता, तर त्याने ती कोणत्या प्रश्नास घातली असती? पट्टे पाहून त्याला खताची उणीव वाटली होती. खत चार दिवस उशिरा पडले तरी चालते, हे त्याला माहीत आहे. तेव्हा त्याने त्या प्रश्नापुढे ‘सवडीने सांगावे’ असेच लिहिले असते. रोगाची घाई रोग ओळखणाऱ्यालाच कळते. शास्त्रज्ञाने पानाचे चित्र पाहताच जी धडकी त्याच्या मनात भरते, ती प्रश्नकर्त्याच्या मनात नसते.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. मे-जूनच्या वादळाने तापीकाठच्या बागा आडव्या होतात, हे जळगाव जिल्ह्यास नवीन नाही. विमा उतरविलेल्या बागेचे असे नुकसान झाले की त्याची सूचना बहात्तर तासांच्या आत द्यावी लागते. अशा वेळी ‘सूचना कोठे व कशी द्यावी’ असा प्रश्न एखाद्याने विचारला, तर वादळ परवा रात्री झाले की आज पहाटे, हे विचारणाऱ्यासच ठाऊक असते. फवारणीचे मजूर सोमवारी येणार, खरेदीखताची तारीख गुरुवारची, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज उद्या सायंकाळी बंद होणार, ही सर्व घाई उत्तर देणाऱ्याच्या चष्म्यातून दिसत नाही.

म्हणजे घाईचे ज्ञान अर्धे या बाजूस आणि अर्धे त्या बाजूस वाटलेले असते. मुदत ठरविण्याचा मक्ता एकाच बाजूस दिला की उरलेले अर्धे ज्ञान वाया जाते.

रांगेचे गणित

तरीही कोणी म्हणेल, की ज्याला घाई आहे त्याला पुढे घ्या, इतरांनी थोडे थांबावे. यात बिघडते काय? काय बिघडते ते समजण्यासाठी रांगेचे थोडे गणित पाहावे लागेल. वाचकांनी घाबरू नये. बेरीज-वजाबाकीपलीकडे येथे काही नाही.

पिठाच्या गिरणीवर चार जण डबे घेऊन उभे आहेत आणि प्रत्येकाच्या दळणास पंधरा मिनिटे लागतात. पहिल्यास थांबावे लागत नाही, दुसरा पंधरा मिनिटे, तिसरा तीस, चौथा पंचेचाळीस; सर्वांचे मिळून ताटकळणे नव्वद मिनिटांचे. आता चौथी बाई म्हणते, ‘माझे लेकरू घरी एकटे आहे, मला आधी मोकळे करा,’ आणि तिघेही भलेपणाने तिला पुढे घेतात. तिची पंचेचाळीस मिनिटे वाचली. पण उरलेल्या तिघांना प्रत्येकी पंधरा मिनिटे अधिक थांबावे लागले, म्हणजे बेरीज पुन्हा नव्वदच. क्रम बदलल्याने ताटकळणे नाहीसे होत नाही, ते फक्त एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. जर बाईचे लेकरू खरोखरच एकटे असेल, तर हा सौदा उत्तम झाला, कारण तिची पंचेचाळीस मिनिटे इतरांच्या पंचेचाळीस मिनिटांपेक्षा मोलाची होती. लेकरू शेजारणीपाशी सुखाने खेळत असेल, तर तिघांची फसवणूक झाली. (दळणे लहानमोठी असतील, तर लहान दळण आधी काढल्याने बेरीज घटते, ही गोष्ट निराळी, तिचा घाईशी संबंध नाही.)

हा हिशेब चार माणसांचा. माणसे अवचित येत-जात असतात आणि कोणाचे काम दोन मिनिटांचे तर कोणाचे अर्ध्या तासाचे असते, अशा रांगेचा हिशेब प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने मांडला तो ए. के. एर्लांग या डेन्मार्कमधील गणितज्ञाने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत, किती ताराजोडण्या ठेवल्या म्हणजे ग्राहकांस फार तिष्ठावे लागणार नाही, या व्यावहारिक अडचणीतून त्याचा १९०९ चा निबंध निघाला. त्या परंपरेतील साधे सूत्र आपल्या उदाहरणास लावून पाहू.

शेतीसल्ल्याचा एकच जाणकार आहे; एका प्रश्नास त्याला सरासरी दहा मिनिटे लागतात; आणि त्याचा दिवस प्रश्नांनी नव्वद टक्के भरलेला असतो. दहा टक्के वेळ तर मोकळाच आहे, मग थांबावे कशाला लागेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक प्रश्नकर्त्यास सरासरी नव्वद मिनिटे थांबावे लागते! दिवस निम्माच भरलेला असता, तर हे थांबणे दहा मिनिटांचे झाले असते. पंचाण्णव टक्के भरला, तर ते एकशे नव्वद मिनिटांवर जाते. रिकामा वेळ म्हणजे निव्वळ आळस नव्हे. अकस्मात येणारी गर्दी जिरविण्याची ती जागा असते, आणि आपल्या कचेऱ्यांत कारकुनांच्या जागा रिकाम्या ठेवून बाकीच्यांना गच्च भरणाऱ्या हिशेबनीसांना हे कोणी समजावून सांगेल तर बरे होईल.

आता त्याच जाणकाराकडे ‘तातडीचे’ असे लिहिण्याची मुभा देऊ. दहांतील एकच जण प्रामाणिकपणे तो शब्द लिहितो, असे धरले, तर त्या एकास नव्वदऐवजी केवळ दहा मिनिटे थांबावे लागते, आणि बाकीच्या नऊ जणांचे थांबणे नव्वदवरून नव्व्याण्णवावर जाते. नऊ मिनिटांची ही झळ कोणासही जाणवत नाही. व्यवस्था सुरेख चालते. पण हे पाहून शेजाऱ्यालाही मोह होतो. शब्द लिहावयास पैसा पडत नाही आणि लाभ तर ऐंशी मिनिटांचा. हळूहळू दहांतील नऊ जण ‘तातडीचे’ लिहू लागतात. आता त्या नऊ जणांचे थांबणे सुमारे सत्तेचाळीस मिनिटांचे होते, आणि जो एक भाबडा मनुष्य अद्याप खरे बोलत आहे, त्याच्या वाट्यास किती येते? सुमारे चारशे चौऱ्याहत्तर मिनिटे, म्हणजे जवळजवळ आठ तास. दुसऱ्या खेपेस तोही ‘तातडीचे’ लिहितो. मग सगळेच नव्वद मिनिटांवर येऊन पूर्वीच्याच जागी उभे राहतात. फरक इतकाच, की मधल्या काळात एका उपयुक्त शब्दाचा जीव गेलेला असतो. बारनिशीतील कारकून त्या शब्दाकडे का पाहत नाही, याचे गणित हे असे आहे.

याच शास्त्रात एक आशादायक सिद्धान्तही आहे. जे. आर. जॅक्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९५५ साली दाखवून दिले, की एकाच कारागिराकडे अनेक कामे पडली असतील, तर ज्याची मुदत सर्वांत आधी संपते ते काम आधी घेण्याने सर्वांत मोठा उशीर शक्य तितका लहान होतो. याहून सोपा नियम तो कोणता! पण त्यातील एक अट उच्चारली जात नाही: मुदती खऱ्या असल्या पाहिजेत.

खरे बोलण्याची किंमत

मुदती खऱ्या राहाव्यात यासाठी समाजाने निरनिराळ्या युक्त्या योजून पाहिल्या आहेत. ज्यांचे केस आता पिकले आहेत त्यांना त्यांतील पहिली युक्ती प्रत्यक्ष आठवत असेल. सावदा-रावेरच्या केळी-व्यापाऱ्यास दिल्लीच्या आडत्याशी बोलावयाचे झाले, की तो ट्रंक कॉल नोंदवी आणि पलीकडून पहिला प्रश्न येई: ‘ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग?’ अर्जंटला दुप्पट दर पडे आणि लाइटनिंगला त्याहून कितीतरी पट अधिक. तारेचेही तसेच, एक्स्प्रेस तार दुप्पट दराची. येथे मुदत विचारणाराच ठरवीत असे, त्याला कोणी कारण विचारीत नसे, आणि तरीही सगळेजण ‘लाइटनिंग’ म्हणत नसत, कारण तो शब्द उच्चारताच खिशास चिमटा बसे. वॅगन भरून निघालेल्या मालाचा भाव रात्रीत कोसळला असेल, तर तो चिमटा सोसण्याजोगा. भाच्याच्या बारशाची वार्ता ऑर्डिनरीने गेली तरी चाले.

युक्ती फक्कड खरी, पण तिचे वैगुण्यही उघड आहे. किंमत ही गरजेचे माप घेते, तशीच ती ऐपतीचेही घेते. ज्याच्या दोन एकर बागेत हरण्या शिरला आहे त्याची घाई, ज्याच्या दोनशे एकरांत शिरला आहे त्याच्या घाईहून लहान ठरते, वास्तविक पहिल्याचा संसार बुडणार असतो. सार्वजनिक मदतीच्या कामी पैशाने रांग लावणे म्हणूनच आपल्याला रुचत नाही, आणि रुचू नये.

मुदत घालणारा कायदा

दुसरी युक्ती म्हणजे मुदत ना विचारणाऱ्याने घालावी, ना सांगणाऱ्याने. ती तिऱ्हाइताने, म्हणजे कायद्याने, घालावी. अशी मुदत नव्हती तेव्हाचे चित्र पाहा. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याची मुख्य कचेरी धुळ्यास होती. सातपुड्याच्या पायथ्याकडील माणसाचा अर्ज धुळ्यास पोहोचून त्याचे उत्तर केव्हा यावे, हे बैलगाडी, आगगाडी आणि साहेबाचा मुक्काम ठरवीत असे. पुढे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, अंतरे घटली, पण उत्तराची मुदत अर्जदाराच्या नशिबावरच राहिली. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला, तेव्हा दहा रुपयांच्या फीवर सामान्य मनुष्यास असे म्हणता आले, की तीस दिवस झाले, आता तुमचे मौन हाच नकार समजला जाईल.

*चौकट : कायद्याने घातलेल्या काही मुदती*

*माहिती अधिकार, २००५ : सर्वसाधारण अर्जास ३० दिवस, एखाद्या व्यक्तीच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग. मुदत चुकल्यास माहिती विनामूल्य. सबळ कारणाविना उशीर केल्यास अधिकाऱ्यास रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती.*

*महाराष्ट्राचा ‘दफ्तर दिरंगाई’ कायदा, २००५ : कोणतीही नस्ती एका टेबलावर कामाच्या ७ दिवसांहून अधिक नको, तातडीची ४ दिवसांत, तात्काळ शेऱ्याची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी.*

*महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ : प्रत्येक सेवेची मुदत ती देणाऱ्या प्राधिकरणाने स्वतः जाहीर करावयाची, चुकल्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती.*

या मुदतींची रचना बारकाईने पाहिली तर तीत एक शहाणपण दिसते. माहिती अधिकारात अर्जदारास ‘मला दहा दिवसांत हवे’ असे म्हणण्याची सोय नाही. त्याला दोनच दरवाजे आहेत, तीस दिवसांचा आणि अठ्ठेचाळीस तासांचा. आणि दुसऱ्या दरवाजाचे कुलूप केवळ ‘तातडीचे’ म्हटल्याने उघडत नाही, जीवित किंवा स्वातंत्र्य पणास लागले आहे हे अर्जातून दिसावे लागते. रुग्णालयाच्या अपघात विभागात जशी जखम पाहून रांग लावतात, आवाज ऐकून नव्हे, त्यातलाच हा प्रकार.

पण मुदतीला तिचे स्वतःचे काही रोगही जडतात. पहिला असा, की तीस दिवसांची कमाल मर्यादा पाहता पाहता तीस दिवसांची वहिवाट बनते. जे उत्तर तीन दिवसांत देता येईल तेही एकोणतिसाव्या दिवशी निघते, कारण त्याआधी निघण्याचे त्यास कारण उरत नाही. दुसरा असा, की मुदत उत्तराच्या तारखेवर लक्ष ठेवते, उत्तराच्या गुणावर नाही. ‘सदर माहिती या कार्यालयात संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे वाक्य मुदतीत पाठविले की दप्तर निर्मळ राहते आणि अर्जदार होता तेथेच राहतो. केळीच्या बागेस घाईने सांगितलेले चुकीचे औषध हे उशिरा सांगितलेल्या बरोबर औषधाहून बरे नव्हे. तिसरा रोग सर्वांत चमत्कारिक. पहिल्या उत्तरास तीस दिवस, पहिल्या अपिलास तीस, फार तर सकारण पंचेचाळीस दिवस. परंतु दुसरे अपील ज्या राज्य माहिती आयोगाकडे जाते, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या बाबतीत ज्याच्या नाशिक खंडपीठाकडे जाते, त्याने निकाल केव्हा द्यावा याची मुदत कायद्यात घातलेलीच नाही. ओढ्याच्या प्रत्येक बांधास वाट ठेवली, पण शेवटच्या बांधास ती ठेवलीच नाही. पाणी साहजिकच तेथे जाऊन साचते.

सभागृहातील एक जुना तोडगा

विचारणाऱ्याने स्वतः मुदत मागावी आणि तरीही रांगेचा विध्वंस होऊ नये, असा तोडगा कोठे आहे काय, असा शोध घेतला तर तो अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत सापडतो. सभासदास मंत्र्यास प्रश्न विचारावयाचा तर पुरेशा दिवसांची आगाऊ सूचना द्यावी लागते, कारण उत्तर गोळा करावयास वेळ हवा. पण काही प्रश्न तेवढे थांबू शकत नाहीत. त्यांच्यासाठी ‘अल्पसूचना प्रश्न’ नावाची वाट आहे. सभासद दहा दिवसांहून कमी सूचनेने उत्तर मागू शकतो. मात्र घाई का, हे त्याने थोडक्यात लिहून द्यावे लागते, आणि कारण लिहिले नसेल तर प्रश्न परत येतो. मग विषय खरोखर तातडीचा आहे असे अध्यक्षांचे मत पडले, तर ते मंत्र्यास विचारतात, की आपण उत्तर देऊ शकाल काय आणि कोणत्या तारखेस.

या छोट्याशा नियमात तीन माणसांचे काम तीन माणसांकडेच ठेवलेले आहे. आपला प्रसंग काय, हे विचारणारा सांगतो; तो प्रसंग घाईचा आहे किंवा नाही, हे तिऱ्हाईत पाहतो; आणि तारीख, जी अखेर एका वचनासारखी असते, ती ज्याला पाळावयाची आहे तोच देतो. मला या नियमाचे कौतुक अशासाठी वाटते, की त्यात विचारणाऱ्याकडून विशेषण मागितलेले नाही, हकिगत मागितली आहे. ‘तातडीचे’ हे विशेषण कोणीही कशालाही लावू शकतो. ‘सोमवारी सकाळी फवारणीचे मजूर येणार आहेत’ ही हकिगत आहे. ती खोटी सांगता येते, नाही असे नाही, पण खोटी हकिगत रचणे हे खोटे विशेषण लिहिण्याहून पुष्कळ कष्टाचे काम आहे आणि तेवढ्या कष्टानेच बहुसंख्य माणसे सरळ राहतात.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यात अर्जदारास माहिती कशासाठी हवी हे विचारता येत नाही, अशी स्पष्ट तरतूद आहे, आणि ती असावयासच हवी. नाहीतर ‘तुला रे कशाला पाहिजे?’ या एका प्रश्नाने गरिबाचा अर्ज दारातच मरेल. म्हणून प्रसंग सांगण्याची सक्ती नको. जो सांगणार नाही त्याने साधी रांग धरावी; ज्याला पुढे जावयाचे आहे त्याने कारण द्यावे.

जो फुकट सांगतो त्याचे काय?

आतापर्यंत आपण पगारी उत्तरदात्याविषयी बोललो. परंतु खानदेशातील शेतकऱ्यास मिळणारी पुष्कळशी मदत अशा लोकांकडून येते, की ज्यांच्यावर ती देण्याची सक्ती नाही: शेजारच्या गावचा अनुभवी बागाईतदार, सेवानिवृत्त कृषी अधिकारी, कृषी महाविद्यालयातून शिकून आलेला भाचा. २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरात फोन उचलणारा सल्लागार त्या कामासाठी नेमलेला असतो, आणि त्यास न सुटलेला प्रश्न वरच्या जाणकाराकडे सोपविण्याचा शिरस्ता आहे. पण रात्री नऊ वाजता आपल्या मोबाइलवर आलेले पानाचे चित्र पाहून उत्तर लिहिणाऱ्या या आप्पा-भाऊंना कोणी नेमलेले नसते. त्यांना ‘उद्या दुपारपर्यंत सांगा’ असे लिहिले, की त्या वाक्यातील माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी हुकूम पोहोचतो. काहींना तो खटकतो. काहींना उद्या दुपारपर्यंत जमणार नसते, म्हणून ते परवाही सांगत नाहीत, कारण मुदत टळलेली असते.

मुदतीच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद केली पाहिजे, आणि ती मनुष्यस्वभावाविषयी आहे. अमोस ट्वर्स्की आणि एल्दार शफीर या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक लांबलचक प्रश्नावली भरून आणून दिल्यास विद्यार्थ्यांना पाच डॉलर द्यावयाचे. काहींना पाच दिवसांची मुदत, काहींना एकवीस दिवसांची, काहींना मुदतच नाही. सर्वांत अधिक प्रश्नावल्या पाच दिवसवाल्यांच्या परत आल्या आणि सर्वांत कमी त्यांच्या, की ज्यांना वाटेल तेव्हा आणण्याची मोकळीक होती. ‘सवडीने सांगा’ असे आपण सौजन्याने म्हणतो तेव्हा पुष्कळदा ‘सांगू नका’ असेच म्हणत असतो. सवड ही वस्तू आपोआप येत नसते. म्हणून उपकाराने मदत करणाऱ्यापुढे मुदत मुळीच बोलू नये, हा सल्लाही मला पटत नाही. मुदत बोलावी, पण ती त्याच्यावर घालू नये. ‘भाऊ, उद्या दुपारपर्यंत सांगा’ आणि ‘भाऊ, उद्या दुपारी मजूर येणार आहेत, तोवर झाडे उपटायची की राखायची ते ठरवायचे आहे’ या दोन वाक्यांत वेळ एकच आहे. दुसऱ्यात ती भिंतीवर टांगलेली आहे, पहिल्यात ती समोरच्याच्या छातीवर ठेवलेली आहे.

मुदत टळल्यानंतर

राहिला शेवटचा प्रश्न, आणि त्याकडे बहुधा कोणी पाहत नाही. मुदत संपली आणि उत्तर आले नाही, तर त्या प्रश्नाचे काय करावे? दप्तरी रीत अशी, की तो निकाली काढावा; विचारणाऱ्यालाच आता उपयोग नाही, मग इतरांनी का शिणावे? पण प्रश्न विचारणाऱ्याचा असतो, तसा तो त्या गावाचाही असतो. हरण्याचा प्रश्न या श्रावणात रावेरला उभा राहिला, तो पुढल्या श्रावणात यावलला उभा राहणार, आणि त्यापुढल्या वर्षी चोपड्याला. बाराव्या दिवशी आलेले उत्तर पहिल्या बागाईतदारास शिळे असले, तरी पुढच्यास ते वेळेच्या कितीतरी आधी आलेले असते, जर कोणी ते लिहून, तारीख घालून, सापडेल अशा ठिकाणी ठेवले असेल तर.

धुळ्यात तर या वृत्तीचे एक मंदिरच उभे आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले आणि त्यांचा कागदपत्रांचा संग्रह सांभाळण्यासाठी पुढल्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. एखादी सनद कोणत्या शकातली, एखाद्या पत्रातला ‘दादा’ म्हणजे नेमका कोणता दादा, या प्रश्नांना कोण मुदत घालणार? ज्याने विचारले त्याच्या हयातीत उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले तर प्रश्न टिपणात राहतो आणि कोणी तिसराच मनुष्य, दुसरेच काही शोधत असता, त्यावर येऊन थबकतो. बागाईतदाराच्या प्रश्नाने इतके थांबावे असे मी म्हणत नाही. परंतु मुदत ही विचारणाऱ्याच्या उपयोगाची असते, प्रश्नाच्या आयुष्याची नसते, एवढा भेद त्या मंडळाच्या कपाटांपुढे उभे राहिले की चटकन उमगतो.

सल्ला देणाऱ्या संस्थांनी आपल्या नमुना-अर्जात यासाठी फार काही करावे लागणार नाही. ‘तातडीचे / साधारण’ अशी खूण करण्याची जी जागा आढळते ती काढून टाकावी आणि तिच्या ऐवजी एकच ओळ घालावी: ‘कोणत्या दिवशी काय घडणार आहे, की ज्याच्या आत उत्तर हवे? (सांगणे ऐच्छिक.)’ तिच्याखाली दुसरी ओळ, जी उत्तर देणाऱ्याने प्रश्न पाहताच भरावयाची: ‘हे काम किती दिवस थांबू शकते?’ आणि तिसरी: ‘उत्तर अमुक तारखेस देतो.’ आपल्या रावेरच्या बागाईतदाराने पहिली ओळ कोरी सोडली असती, कारण त्याच्या मते घाई नव्हतीच. दुसऱ्या ओळीत शास्त्रज्ञाने ‘एक दिवसही नाही’ असे लिहिले असते, आणि तिसरी ओळ भरण्याच्या आधी फोन उचलला असता.